वीस फुटांवरून पास्कीन माय

त्या बाईने बाटली उचलली, डोळ्यांसमोर धरली, कपाळ-छाती-डावा खांदा-उजवा खांदा असा घाईघाईत क्रूस काढला आणि बाटली होती तिथे अलगद ठेवून पुढे निघून गेली.

पापडांच्या रॅकआड उभ्या असलेल्या सेराफिना मिस्किटाने हे सगळं पाहिलं. पापडाचं एक पाकीट हातात धरून ती दहा मिनिटं तिथे उभी होती, म्हणजे कोणी बघितलंच तर गिऱ्हाईक वाटावं. बाटली तिची होती. आतला मसाला तिचा होता. अकरा दिवसांपूर्वी, एक ऑगस्टला, अंधेरीच्या या 'अन्नदा बाजार'मध्ये तिने छत्तीस बाटल्या आणून ठेवल्या होत्या आणि रोज दुपारच्या सुट्टीत येऊन ती त्या मोजत होती. आजही छत्तीस भरल्या. फरक झाला असेल तर एवढाच, की एक बाटली दोन बोटं डावीकडे सरकली होती.

दुकानाचा मालक मिहिर गल्ल्यावरून उठून आला. पस्तिशीचा माणूस, तोंडाने फटकळ, मनाने सरळ.

"आंटी, एक बोलू? राग नाही ना मानणार?"

"बोल की. बाटल्या तर काही बोलत नायत."

"लोकांना वाटतं, कोणीतरी वारलंय."

"वारलीच हाय ती. माझी सासू. चार वर्षं झाली."

"अहो, तेच तर म्हणतोय मी! परवा एक काका विचारून गेले, हे फुकट वाटायला ठेवलंय का म्हणून. बाराव्याचं असेल तर घरी नेणार नाही म्हणाले." मिहिरने बाटली हातात घेऊन गरगर फिरवली. "यात मसाला कुठे लिहिलंय तेवढं दाखवा मला."

सेराफिनाने बोट ठेवलं. त्या एका बोटाखाली 'मसाला' हा शब्द पुरता झाकला गेला.

मिहिर हसला नाही, हेच वाईट. "महिनाअखेरपर्यंत थांबतो. शब्द दिलाय तुम्हाला. निम्म्या गेल्या तर जागा तुमची. नाही गेल्या तर लोणच्यावाल्याला द्यावी लागेल, तो रोज डोकं खातोय माझं."

सेराफिनाने पापडाचं पाकीट जागेवर ठेवलं आणि ती बाहेर पडली. लोणच्यावाल्याचं तिला काही वाटलं नाही. तिला दिसत होतं ते तिच्या अंगणातलं उखळ.

मरोळच्या गावठाणात मिस्किटांचं बैठं घर. भोवती टॉवर उठले, वरून विमानं पोटं घासत उतरायला लागली, पण त्या घरापुढचं हातभर अंगण राहिलं, आणि अंगणातलं लाकडी उखळही राहिलं. दरवर्षी एप्रिल उजाडला की पास्कीन माय, म्हणजे सेराफिनाची सासू, डोक्याला फडकं बांधून मिरच्या उन्हात घालायची. मिरची, धणे, हळकुंड, तीळ, खसखस, गहू, चणाडाळ, दगडफूल, नागकेशर, त्रिफळं. एकंदर सत्तावीस जिन्नस. प्रत्येक निराळा वाळवायचा, निराळा भाजायचा. मग कुटणाऱ्या बाया यायच्या, लांब मुसळं घेऊन, तिघी एका उखळाभोवती, एकीचं मुसळ वर तर दुसरीचं खाली. सगळी गल्ली शिंकायची. ती लाल भुकटी तपकिरी काचेच्या बाटलीत काठीने ठासठासून भरायची, कारण उजेड लागला की मसाल्याचा रंग मरतो. म्हणून त्याला नाव बाटली मसाला. मटणाला तोच, बोंबलाला तोच, दुधीच्या भाजीलाही तोच.

माय होती तोवर नातलगच रांगा लावायचे. माय गेली, नातलग कोणी वसईला गेले, कोणी कॅनडाला. कुटणाऱ्या बायांमध्ये उरल्या प्रेमा आणि तिच्या दोघी बहिणी. या मे महिन्यात मसाला भरून झाला तेव्हा सेराफिनाचा नवरा ऑस्टिन म्हणाला, "सेरू, बस आता. हे शेवटचं. पुढल्या सालापासून आपल्यापुरता किलोभर गिरणीतून आणू. उखळ उचलून देतो कोणाला, गाडी लावायला जागा तरी होईल."

ऑस्टिन विमानतळावर सामानाच्या गाड्या ओढणारा ट्रॅक्टर चालवायचा. बोलला तर एकदाच बोलायचा.

सेराफिनाही कमी नव्हती. "दुकानात विकून दाखवते. विकला तर उखळ हलवायचं नाय."

"आणि नाय विकला तर?"

"तर मीच उचलू लागीन."

म्हणून त्या छत्तीस बाटल्या.

आता त्यांच्यावरच्या लेबलाचं. ते केलं होतं अँथनीने, ऑस्टिनच्या धाकट्या भावाने. चर्चच्या मागे त्याचं एका खोलीचं छपाईचं दुकान. गावठाणात कोणी गेलं की पहिला फोन फादरना, दुसरा अँथनीला. महिना भरल्यावर चर्चमध्ये होणाऱ्या मिस्साला, म्हणजे प्रार्थनेला, आलेल्यांच्या हातात मयताचं छोटं कार्ड द्यायची रीत आहे: वर क्रूस, मध्ये अंडाकृती फोटो, खाली जन्म-मरणाची सालं, बायबलातली ओळ, मागे दुखी परिवाराची नावं. अँथनीने अशी हजारो कार्डं केली होती. हात त्यातच बसलेला. वहिनीने लेबल मागितलं तेव्हा तीन संध्याकाळी बसून, एक पैसा न घेता, त्याने आपल्या आईसाठी जीव ओतून लेबल केलं. काळी नक्षीदार चौकट. वर क्रूस. मध्ये फेट्यासारखं फडकं बांधलेली माय. खाली '१९३८–२०२१'. मग वेलबुट्टीच्या अक्षरांत 'प्रेमळ आठवणीत', मग एक वचन, सत्तावीस जिन्नस, अकरा नातवंडांची नावं आणि सगळ्यांच्या शेवटी, जागा उरली तिथे, 'बाटली मसाला'.

ते पाहून घरातलं कोण म्हणालं असेल की हे चुकलंय? कोणी नाही. सेराफिनाच्या तर डोळ्यांना पाणी आलं होतं. त्यांच्या घरात प्रेम दाखवायचा छापील नमुना तो एकच होता.

संध्याकाळी ती थेट अँथनीच्या दुकानात गेली.

"अँथनी, लेबल बदलायला लागंल."

"कशाला? शाई पसरली?"

"लोक क्रूस काढतात नि बाटली ठेवून जातात."

अँथनीने चष्मा कपाळावर चढवला. "मग चांगलंच हाय की, वैनी. मान देतात मायला."

"मान देतात, मसाला नाय घेत!"

"बघ हां, त्यात काय कमी असेल तर सांग. डाव्या कोपऱ्यात अजून जागा हाय. तिथे गुलाब टाकू?"

सेराफिनाने गुलाबाकडे पाहिलंच नाही. ती घरी गेली, रात्रीचं जेवण केलं, आणि सकाळी कामावर जाताना एक बाटली पिशवीत घालून निघाली.

तिचं काम होतं डॉक्टर शर्मिष्ठा कोटणीसांच्या डोळ्यांच्या दवाखान्यात. बावीस वर्षं. पेशंटला खुर्चीत बसवायचं, एका डोळ्यावर झाकण द्यायचं, वीस फुटांवरच्या अक्षरांच्या तक्त्याचा दिवा लावायचा आणि छडीने दाखवत म्हणायचं, 'वाचा. पुढची ओळ. आणखी पुढची.' कोण खरं वाचतंय आणि कोण पाठ केलेलं म्हणतंय, हे तिला आवाजावरून कळायचं. चष्मा लागू नये म्हणून थापा मारणारी लग्नाची मुलं तिने पकडली होती, आणि सून लक्ष देईल म्हणून न दिसण्याचं सोंग करणाऱ्या सासवाही.

तिने तक्त्याखाली स्टूल ओढलं आणि त्यावर बाटली ठेवली.

पहिला आला धोंडिराम, शेजारच्या बँकेचा वॉचमन. तक्ता वाचून झाल्यावर सेराफिना म्हणाली, "आता खाली बघा. बाटलीवर काय दिसतंय?"

धोंडिरामने डोळे बारीक केले. "कुणाचा तरी फोटो हाय. काळी चौकट... वारलं का वो कोण?"

"आणि काय लिहिलंय?"

"मुंग्या हायेत."

दुसऱ्या बाई म्हणाल्या, औषध. तिसरे मार्तंडराव, निवृत्त हेडक्लार्क, ते म्हणाले, "देशी दारू. पण त्यावर धोक्याची सूचना म्हणून गेलेल्या माणसाचा फोटो छापायची कल्पना उत्तम आहे. सरकारने सगळीकडे करावी."

जेवणाच्या सुट्टीत डॉक्टर शर्मिष्ठा बाहेर आल्या. "सेराफिना, आज माझ्या पेशंटना बाटली का दाखवतेयस तू?"

सेराफिनाने सगळं सांगितलं. डॉक्टरबाईंनी ते ऐकून घेतलं, मग दिव्याचं बटण दाबून तक्ता उजळला.

"बावीस वर्षं तू हा दाखवतेस. सगळ्यात आधी काय दिसतं?"

"वरचं अक्षर."

"का?"

"मोठं हाय म्हणून."

"एवढंच?"

सेराफिनाने बघितलं. खरं तर पहिल्यांदाच बघितलं. तोवर तिने फक्त दाखवलं होतं. वरचं अक्षर मोठं होतं, हो. पण ते एकटंही होतं. त्याच्या आजूबाजूला कोणी नव्हतं. ना चौकट, ना वेल, ना गुलाब. मग खाली दोन अक्षरं, मग तीन. डोळा आपोआप पायऱ्या उतरत होता. सगळी अक्षरं एकाच वळणाची. पांढऱ्यावर काळी. आणि प्रत्येकाला हातपाय पसरायला जागा.

"देवा," ती हळूच म्हणाली, "अकरा नातवंडं एका खाटेवर झोपवली आम्ही."

पण लेबलावरून मायला काढणं सोपं नव्हतं. ते लेबल अँथनीचं असलं तरी आई ऑस्टिनची होती. सेराफिनाने त्या रात्री विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी ऑस्टिनच्या डोळ्यांची तपासणी होती. ट्रॅक्टर चालवणाऱ्यांना विमानतळावर दरवर्षी दाखला द्यावा लागायचा आणि तो दरवर्षी बायकोच्याच दवाखान्यात यायचा.

त्याने तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत धडाधडा वाचला. नजर घारीची.

"झकास," सेराफिना म्हणाली. "आता ते खाली काय ठेवलंय, वाच."

"कोणाची तरी बाटली हाय."

"वर कोण हाय?"

"कोणीतरी म्हातारी." तो पुढे झुकला. "आजारी वाटते. कोण हाय ती?"

 सेराफिनाने छडी मांडीवर आडवी ठेवली. ऑस्टिन खुर्चीतून उठला, चार पावलं गेला, सहा गेला, आणि थांबला. तो उभा राहिला तिथून बाटली हाताच्या अंतरावर होती.

बाहेर कोणीतरी नंबर विचारत होतं. डॉक्टरबाईंनी दाखल्यावर सही केली आणि त्या आतल्या खोलीत निघून गेल्या.

"मना माझी आई ओळखता नाय आली, सेरू."

"तुझी नजर चांगली हाय. लेबल वाईट हाय."

त्या संध्याकाळी ऑस्टिन घरी आला तो दुकानातल्या छत्तीस बाटल्या खोक्यांत भरूनच. मिहिरकडून त्याने दोन दिवसांची मुदत मागून घेतली होती. गरम इस्त्रीवर फडकं तापवून तो ते एकेका बाटलीवर दाबत होता आणि अंगठ्याने लेबल सोलत होता. एकही फाटू दिलं नाही. छत्तीस माया त्याने एकावर एक रचल्या आणि बायबलाखाली दाबून ठेवल्या.

"आता तू नि अँथनी काय ते बघा," तो म्हणाला. "पण तिचं नाव पायजे. नाव नसेल तर दुकानात जायचं नाय."

"नाव असणार. आणि वाचता येणार."

अँथनीच्या दुकानात दोन संध्याकाळी जी भांडणं झाली ती चर्चच्या आवारात ऐकू गेली.

"किती कोरी जागा सोडलीस, वैनी! कागदाचे पैसे दिलेत ना आपण?"

"बस स्टॉपवर एकटा माणूस उभा असला की लांबून कळतो. वीस असले की कोण कळतो?"

"बरं, मग 'बाटली मसाला' मोठं करतो. 'पास्कीन माय' पण मोठं. 'मटण-मासे-भाजी' पण मोठं."

"सगळेच ओरडायला लागले तर कोणाचं ऐकायचं? तुमच्या घरात जेवायला बसल्यावर कळतं का कोण काय बोलतं?"

हे अँथनीला पटलं, कारण त्याच्या घरात पाच मुली होत्या.

त्याच्या कॉम्प्युटरवर अक्षरांची दोनशे वळणं होती आणि प्रत्येक ओळीला वेगळं वळण लावलं नाही तर त्याला कामचुकारपणा वाटायचा. सेराफिनाने एकच ठेवायला लावलं, जाड आणि साधं. लपेटी अक्षरं गेली. मधोमध आणलेल्या ओळी गेल्या. सगळ्या ओळी डाव्या कडेला एका रेषेत आल्या, प्रार्थनेला उभी राहिलेली पोरं असतात तशा. सत्तावीस जिन्नस, अन्न परवान्याचा नंबर, वजन, तारीख, हे कायद्याने लागणारं सगळं मागच्या वेगळ्या चिठ्ठीवर गेलं. "ज्याला वाचायचंय तो बाटली फिरवील. हातात घेतली की अर्धं काम झालं."

रंगात मात्र सेराफिनाचीच चूक झाली. मसाला लाल, म्हणून तिने अक्षरं लाल मागितली, आणि कागद तपकिरी, बाटलीला शोभेल असा. पडद्यावर ते झक्क दिसलं. छापून बाटलीला गुंडाळलं आणि दवाखान्यातल्या ट्यूबलाइटखाली ठेवलं, तर लाल अक्षरं तपकिरीत बुडून गेली. डॉक्टर शर्मिष्ठा म्हणाल्या, "कित्येक पुरुषांना लाल-हिरव्यातला फरकच नीट कळत नाही. लाल रंगावर भरवसा ठेवू नकोस. गडद आणि फिकट यांच्यात अंतर ठेव." मग कागद आला साईच्या रंगाचा, अक्षरं जवळजवळ काळी, आणि वरच्या कडेला हळदीच्या पिवळ्या रंगाची एकच जाड पट्टी. दुसरा रंग नाही.

दुसरी चूक दोघांचीही. 'बाटली मसाला' एवढं रुंद केलं की ते बाटलीच्या पोटावरून वळून मागे गेलं. समोरून वाचलं तर 'टली मसा'.

अँथनी स्टूलवर बसून पोट धरून हसला. "वैनी, आता दारूचंच दुकान गाठ!"

"हसू नको. कागद सपाट हाय, बाटली गोल हाय, हे तुला तीस वर्षांत कळलं नाय?"

"मी बाटल्यांवर नाय छापत, वैनी. माझं गिऱ्हाईक आडवं असतं."

दोन ओळी केल्या. वर 'बाटली', खाली 'मसाला', समोरून एका नजरेत मावतील एवढ्याच. त्याखाली, अर्ध्या आकारात, 'पास्कीन मायचा'. त्याखाली बारीक, 'मटण, मासे, भाजी. मरोळ गावठाण'. संपलं.

आणि मग तिने अँथनीचा चष्मा काढून घेतला.

"ए वैनी, दे! मना काय दिसत नाय!"

"म्हणून तर काढला. वाच."

अँथनी भिंतीला टेकून उभा राहिला. त्याला जाड भिंगांचा चष्मा, तो नसला की समोरची माणसं म्हणजे वाफेचे ढग. तो डोळे किलकिले करून बघत राहिला.

"पिवळं काहीतरी. बाटली... मसाला." मग जरा थांबून, "पास्कीन."

त्याने आईचं नाव पुन्हा एकदा वाचलं. गुलाबाचा विषय त्यानंतर निघाला नाही.

सतरा तारखेला बाटल्या परत रॅकवर गेल्या. मिहिरने एक बाटली हातात घेतली, मागे पुढे केली, आणि म्हणाला, "आंटी, हे कोणत्या कंपनीकडून करून घेतलंत?"

"डोळ्याच्या दवाखान्यातून."

"सांगायचं नसेल तर नका सांगू," मिहिर म्हणाला.

अठराला चार गेल्या. एकोणीसला एकही नाही. सेराफिनाने त्या रात्री पाणीसुद्धा घोटभरच प्यायलं. वीसला सहा. एकवीसला मार्तंडराव स्वतः दुकानात जाऊन एक घेऊन आले आणि दवाखान्यात येऊन तक्रार करून गेले, की इतका तिखट मसाला विकायचा तर धोक्याची सूचना हवीच होती, आणि आणखी दोन हव्यात, मुलीला डोंबिवलीला द्यायला. तेवीस तारखेला अठराचा आकडा ओलांडला. जागा तिची झाली होती. तरी ती रोज दुपारी जातच राहिली.

पंचवीसला ती गेली तेव्हा पापडांच्या रॅकआड आधीच कोणीतरी उभं होतं. विमानतळाचं हिरवं जाकीट घातलेला, हातात पापडाचं पाकीट उलटं धरलेला.

"तू काय करतोस इकडे?"

"पापड घेतो," ऑस्टिन म्हणाला.

"ड्युटी?"

"चूप जरा. ती बघ."

दुकानाच्या पार दुसऱ्या टोकाला, तेलाच्या डब्यांपाशी, एक बाई उभी होती. साडीतली, मध्यमवर्गीय, हातात यादी. तिचा नवरा रॅकजवळ होता, भांबावलेला, बायकोने काही आणायला पाठवलं की नवरे असतात तसा. ती तिकडूनच ओरडली, "अहो, तिकडे नाही! तुमच्या हाताशी. ती पिवळ्या पट्टीची, पास्कीन मायची!"

नवऱ्याचा हात सरळ बाटलीवर गेला. त्याने एक घेतली. मग बायकोच्या तोंडाकडे बघून आणखी एक घेतली.

ती दोघं गल्ल्यावर गेली. बाईने मिहिरला विचारलं, "या पास्कीन माय कोण हो? आमच्या शेजारणीने कोलंबीला वापरला. एवढा सुंदर वास, की मी वाटी घेऊनच गेले तिच्याकडे. कुठे राहतात त्या?"

मिहिरने तोंड उघडलं, पण मागून आवाज आला.

"मरोळला," ऑस्टिन म्हणाला. पापडाचं पाकीट अजून त्याच्या हातात होतं. "माझी आई."

"हो का! मग सांगा हं त्यांना," बाई पिशवी उचलत म्हणाली, "म्हणावं, हात फार चांगला आहे तुमचा."

ऑस्टिनने मान हलवली. चार वर्षांत त्याच्या आईबद्दल कोणी असं, तिची चौकशी केल्यासारखं बोललं नव्हतं. ती बाई गेल्यावरही तो मान हलवतच होता. मिहिरने त्याच्यापुढे पाण्याची बाटली सरकवली, आणि तो दुकानदार असल्यामुळे लगेच मुद्द्यावर आला.

"आंटी, तीनच उरल्यात. आता मोंतीचा सण येतोय, बांद्र्याची जत्रा, मला साठ द्या. आणि त्या मधल्या फळीवर ठेवतो, डोळ्यांच्या रेषेत. लोणच्यावाल्याला सांगतो, तू खाली बस."

"साठ कुठून आणू? घरात चाळीस हायेत."

"मग चाळीस द्या. पुढच्या वर्षी दोनशे करा."

तोवर गावठाणात बातमी पोचली होती. रविवारच्या मिस्सानंतर सेराफिनाच्या दारात बाया जमायला लागल्या. एक करवंदाची वाइन घेऊन, एक सुक्या बोंबलांची पाकिटं घेऊन. फ्लेविया नावाची एक तरुण बाई केकची जाहिरात घेऊन आली, ज्यात केक, घंटा, नाताळचं झाड, तिचं स्वतःचं लग्न आणि फोन नंबर हे सगळं गुलाबी रंगात एकमेकांच्या मांडीवर बसलं होतं.

"काय विकतेस?" सेराफिनाने विचारलं.

"केक, आंटी."

"मग तुझा नवरा कशाला हाय यात?"

"सूट चांगला दिसतो त्याला."

"घरी बघ त्याला. इथे केक ठेव, मोठा. नंबर ठेव. बाकीचे उतरव खाली. मग बाहेर गल्लीत जाऊन लांबून बघ. दिसलं तर ठीक, नाय दिसलं तर आणखी दोघांना उतरव."

अँथनीचं दुकान आता पूर्वीपेक्षा जास्त चालत होतं. गिऱ्हाईकाने चौकटीत फुलं मागितली की तो म्हणायचा, "टाकतो. पण आधी वैनीला विचारून ये." मयताची कार्डं मात्र त्याने होती तशीच ठेवली. त्यात वचन, सालं, अकरा नातवंडं सगळं लागतं. सेराफिनाचंही तेच मत पडलं: "ते कार्ड माणूस हातात घेऊन बसून वाचतो. त्याला घाई नसते."

त्या छत्तीसांतल्या शेवटच्या तीन बाटल्या एकोणतीस तारखेला गेल्या. तीस तारखेला सकाळी ऑस्टिनने अंगणात खुर्ची टाकली आणि फोन लावला. सेराफिना आत चहा गाळत होती. तिला फक्त त्याची बाजू ऐकू येत होती.

"प्रेमा, मी ऑस्टिन. मिस्किटा. उखळवाला... हो गं, माहीत हाय ऑगस्ट हाय. एप्रिलचं बोलतोय मी. तू दुसरीकडे शब्द दिलास तर मग? ...दोनशे. दोनशे बाटल्या, चार दिवसांत! ...नाय, चेष्टा नाय करत."

पलीकडून प्रेमाचा आवाज एवढा चढला की तो खिडकीतून आत आला. तीन बायांनी दोनशे बाटल्या चार दिवसांत कुटायच्या म्हणजे काय, माणसं आहेत की गिरण्या. सहा दिवस लागतील, दोघी जास्तीच्या आणायला लागतील आणि दुपारी मटण पाहिजे.

"सहा तर सहा," ऑस्टिन म्हणाला. "मटण करू. पण दुसरं एक उखळ कुठे मिळेल ते बघ. एकाने भागणार नाय."